चार नंबरच्या पार्किंगमधली रतन

आमच्या सोसायटीत चार नंबरच्या पार्किंगमध्ये घोडी बांधलेली असते, हे मला फ्लॅट घेताना कुणी सांगितलं नव्हतं. राहायला आले त्याच दिवशी मी नोटीस लिहून फळ्यावर लावली. 'पार्किंगमध्ये फक्त वाहने लावावीत.' सदाशिव पेठेत चाळीस वर्षं काढलेल्या बाईकडून वेगळी अपेक्षा कुणी ठेवू नये. संध्याकाळी घोडीचे मालक रावसाहेब माझ्या दारात हजर. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, आणि तीन जिने चढून आल्याची धाप अजिबात नाही.

"सरोजिनीताई, घोडं खंडोबाचं वाहन हाय. मंग जागा बराबर हाय की," ते म्हणाले.

मी दार लावून घेतलं, नोटीस मात्र तशीच ठेवली. पुढे मी सोसायटीची सेक्रेटरी झाले, घोडीची लीद माझ्या कुंड्यांना मिळू लागली, गुलाब असे फुलले की बघत राहावं, तेव्हा ती नोटीस मीच काढून टाकली.

रावसाहेबांचं गाव हडपसरच्या पुढचं, आता महापालिकेत आलेलं. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचा ऊस होता. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं फ्लॅट दिले, पार्किंग दिलं. त्यांच्या भावांनी पार्किंगमध्ये मोठाल्या गाड्या लावल्या, ह्यांनी हरणी नावाची घोडी बांधली. कारण गाव शहरात गेलं तरी गावची यात्रा कुठे गेली नव्हती. माघी पौर्णिमेला खंडोबाची पालखी नदीवर स्नानाला जाते. पालखीच्या पुढे घोडा, आणि घोड्यावर निशाण धरलेला माणूस. तो मान रावसाहेबांच्या घराचा, पणजोबांपासूनचा. मानकऱ्यानं आपल्या दारातून घोड्यावर बसायचं आणि पालखी परत देवळात जाईपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही, असा नियम. रावसाहेबांनी हे सलग छत्तीस वर्षं केलं होतं. त्यांना मुलगा नाही, दोन्ही मुली सासरी, भाऊ गाडीखेरीज कशावर बसत नाहीत. घोड्यावर बसणारे घरात तेच एकटे.

हरणी गेल्या श्रावणात म्हातारी होऊन गेली. रावसाहेब तेरा दिवस खाली फिरकले नाहीत. दिवाळीनंतर मात्र अकलूजच्या घोडेबाजारात गेले आणि टेम्पोतून रतनला घेऊन आले. पांढरीशुभ्र, उंच, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. भर बाजारात हलगीवर नाचणारी ही घोडी ह्यांनी पाहिली आणि तिथेच भुलले. सगळ्या सोसायटीनं खाली उतरून तिला गूळ खिलवला. मीही खिलवला, पण लांबून.

पाचव्या दिवशी त्यांनी सराव ठेवला. यात्रेत पुढे हलगी वाजवणारे बजरंगतात्या आले, इमारतीच्या चौकात उभे राहून त्यांनी हलगी कडकडवली. रतननं कान टवकारले, पुढचे पाय उचलले. पाठीवर बसलेल्या रावसाहेबांनी दोन्ही हातांनी लगाम मागे खेचला. त्याबरोबर ती सरळ मागच्या पायांवर उभी राहिली. त्यांनी आणखी खेचला, ती आणखी उंच झाली, आणि रावसाहेब आमच्या नव्याकोऱ्या फरशीवर पाठीवर पडले. खांद्याचं हाड मोडलं. रतन मात्र चारही पाय टेकवून शेजारी मुकाट उभी राहिली.

दीड महिन्यात हाड जुळलं. पट्टा निघाला. पण रावसाहेब काही घोडीवर बसेनात. यात्रा कमिटीचे लोक आले की म्हणायचे, "डॉक्टर न्हाई म्हनतोय. काय करनार?" कमिटीनं पौषाच्या शेवटापर्यंत वाट बघायचं ठरवलं. तोवर जमलं नाही तर बाहेरून घोडा आणि स्वार आणायचा, म्हणजे मान घरातून गेलाच. आणि मग रतनला पुन्हा बाजारात उभं करायचं, हे रावसाहेबांनी स्वतःच घरी सांगून टाकलं.

एका दुपारी मी आणि त्यांच्या पत्नी मथुराबाई मटार सोलत बसलो होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "डाक्टर माझ्याम्होरं म्हनला, चाला, फिरा, घोड्यावर बसा, आता हाड पक्कं झालंय. ह्येंनी घरी येऊन उलटंच सांगितलं."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? रातीला घोडी नुसती खुरानं फरशी वाजिवती, तर ह्ये उठून बसत्यात."

मला हसू आलं नाही. कर्वे रस्त्यावर मी एकदा स्कूटरवरून पडले होते. त्यानंतर वर्षभर चष्म्याचा नंबर बदललाय असं सगळ्यांना सांगत मी रिक्षानं फिरत होते. नंबर तोच होता. असं खोटं मला पाच पावलांवरून ओळखू येतं.

सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे रतनच्या लशींचे कागद होते. त्यांवर विकणाऱ्याचं नाव, भैरू, आणि मोबाइल नंबर. मी फोन लावला. आवाजात जेवढी धार आणता येते तेवढी आणली. "अहो, असलं अंगावर येणारं जनावर चौसष्ट वर्षांच्या माणसाला विकताना आपल्याला काही वाटलं नाही का?"

भैरू बिचारा गडबडला. "बाई, ती तर गरीब हाय हो. लेकरं पोटाखालनं जात्यात तिच्या. पडलं कसं?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "लगाम खेचला म्हना की त्येंनी. बाई, ती वरातीची घोडी हाय. हलगी वाजली आन् लगाम वर घेतला की हुबं ऱ्हायाचं, ह्येच तिला शिकिवलंय. जितकं खेचाल तितकी हुबी ऱ्हाईल. तिला वाटतंय, मालक नाच म्हनतोय. ढिला सोडा, लगीच खाली येती. मी बाजारात सांगाया लागलो हुतो, तर तुमचं रावसाहेब म्हनलं, छत्तीस वर्सं घोड्यावर बसतोय, मला नको शिकवू."

हे वाक्य रावसाहेबांचंच होतं, शंका नको. मी तशीच खाली गेले. ते रतनपासून चार हात लांब प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून होते. मी भैरूचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, आता उठतील, मांडीवर थाप मारतील, खोगीर आणतील.

ते बसूनच राहिले. पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"म्हंजे तिची चूक न्हाई," ते म्हणाले. "माझी हाय."

"चूक समजली, झालं. आता बसा की."

"ताई, समजलं म्हनून पाय उचलत न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मला भ्या वाटतंय. हरणीवर बसताना कदी वाटलं न्हाई. रिकिबीत ठेवलेला पाय आपसूक मागं येतोय. चौसष्टाव्या वर्सी हे कुनाला सांगू?"

मला सांगितलं होतं, एवढं पुरे होतं. मी वर जाऊन माझ्या पद्धतीनं एक वेळापत्रक तयार केलं. पहिला आठवडा, घोडीला हातानं धरून इमारतीभोवती फेऱ्या. दुसरा आठवडा, खोगीर घालून फेऱ्या, बसायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात नुसतं बसायचं, चालायचं नाही. रावसाहेबांनी कागद वाचला आणि खिशात ठेवला. "सरकारी काम दिसतंय," म्हणाले. पण सकाळी सहाला खाली हजर होते.

पहिला आठवडा छान गेला. इमारतीला फेऱ्या मारता मारता ते रतनशी बोलायला लागले, उसाच्या बातम्या सांगायला लागले, जणू ऊस अजून तिथे होता. दुसराही गेला. तिसऱ्या आठवड्यात मीटरच्या खोलीच्या पायरीवर उभं राहून ते एकदाचे बसले. सोसायटीतले सकाळचे फिरणारे टाळ्या वाजवायला निघाले होते, मी डोळे वटारून थांबवलं. दोन दिवस नुसते बसले. तिसऱ्या दिवशी रतन एक पाऊल पुढे टाकायला गेली आणि रावसाहेबांच्या दोन्ही हातांनी, त्यांना न विचारता, लगाम छातीपर्यंत खेचला. पुढचे पाय उचलले गेले, जेमतेम वीतभर. ते उतरले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. दुसऱ्या दिवशी ते खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पौष संपायला आठ दिवस उरले होते. माझं वेळापत्रक तिथेच संपलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुढचं काही सुचत नव्हतं. चिडचिड मात्र भरपूर झाली. त्या आठवड्यात मी तीन नोटिसा लावल्या, तिन्ही अनावश्यक.

चौथ्या दिवशी सकाळी मथुराबाई खाली आल्या. हातात निशाण होतं, यात्रेचं, भगवं, उंच काठीचं. ते एरवी देवघराच्या कोपऱ्यात असतं, यात्रेशिवाय कुणी हलवत नाही. मागून रावसाहेब, "अगं, त्येला हात लावू नगं, दिवस न्हाई त्यो," असं म्हणत आले.

"दिवस यायचा असंल तर आधी धरा," मथुराबाई म्हणाल्या. "बसा. उजव्या हातात हे धरा. आवो, यात्रेत तुमी कदी दोन हातांनी लगाम धरलाय? एक हात निशाणाला, एक लगामाला. सरावाला तुमाला दुसरा हात मोकळा मिळाला, म्हनून तर वढला."

छत्तीस वर्षं नवऱ्याला यात्रेत बघणाऱ्या बाईला जे दिसलं ते माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

रावसाहेब बसले. उजव्या हातात काठी, तिचं टोक रिकिबीवर टेकवलेलं, डाव्या हातात लगाम. रतन चालू लागली. त्यांचं अंग ताठ झालं, डावा हात मागे जाऊ लागला, पण निशाण हलायला लागलं तसं त्यांचं सगळं लक्ष काठीकडे गेलं आणि डावा हात आपोआप सैल पडला. रतन चालतच राहिली. एक फेरी झाली. मग दुसरी. ते खाली उतरले नाहीत, म्हणून आम्ही दोघी उन्हात उभ्याच राहिलो.

पुढचे सहा दिवस बजरंगतात्या रोज आले. आधी गेटबाहेर, मग गेटात, मग दहा पावलांवर हलगी. रतन उभी राहायला बघायची, रावसाहेब हात पुढे सोडायचे, ती खाली यायची. रोज पायरीवर ते घुटमळायचे. रोज ते बसायचे. पौष अमावास्येच्या आदल्या दिवशी त्यांनी कमिटीला निरोप पाठवला, "घोडं आनि मानूस आपल्याच घरचं."

माघी पौर्णिमेला सगळं गाव रस्त्यावर होतं. मोठमोठ्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून, आयटीतल्या पोरापोरींच्या मोबाइलमधून सगळे बघत होते. भंडाऱ्यानं रतनची पांढरी पाठ पिवळी झाली. नदीवर जाणं नीट झालं. परत येताना महामार्गाच्या पुलाखाली आलो आणि तिथे अडकलेल्या एका ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला. पुलाखाली तो आवाज घुमला, त्यात हलग्या, त्यात ढोल. रतन उभी राहिली. पूर्ण, अगदी त्या दिवशीसारखी. लोक मागे सरले. मी मथुराबाईंचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

मला त्यांचा डावा हात दिसत होता. तो मागे गेला. तिथे थांबला. मग रावसाहेब पुढे वाकले, घोडीच्या मानेपर्यंत, आणि तो हात त्यांनी पुढे सोडून दिला, बोटंसुद्धा उघडली. रतन खाली आली. एकदा फुरफुरली आणि चालू लागली. निशाण त्यांच्या हातात तसंच होतं.

पालखी देवळात गेली. कमिटीचे अध्यक्ष त्यांना उतरवायला हात पुढे करून आले. "वा रावसाहेब! पुलाखाली आमचा जीव गेला. तुमाला काय, सवय हाय. तुमाला कसलं भ्या!"

एवढं गाव भोवती होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. महिनाभर डॉक्टरच्या नावावर भागवलंच होतं.

"वाटलं की," रावसाहेब वरूनच मोठ्यांदा म्हणाले. "लई वाटलं. डाक्टरनं कदीच न्हाई म्हनलं न्हवतं, मीच भ्यालो हुतो. आत्ताबी वाटतंय."

अध्यक्षांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. नियमाप्रमाणे आता उतरायला हरकत नव्हती, पण ते उतरले नाहीत. "घरापत्तुर बसूनच येतो," म्हणाले आणि डाव्या हातानं रतनला वळवलं.

आम्ही त्या गर्दीतून, गाड्यांच्या मधून, सावकाश घरी आलो. मथुराबाई सगळा रस्ता रतनच्या शेजारून चालल्या, आणि लगामाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.