आधी चाखणाऱ्या इंदूअक्का

देवाचा नैवेद्य उष्टा करू नये, हे आमच्या उचगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारच्या इंदूअक्का मात्र कटाच्या आमटीत बोट बुडवून चाखायच्या आणि मगच ताट देवापुढे ठेवायच्या. कोणी डोळे वटारले की म्हणायच्या, "मग काय देवाला अळणी वाढू व्हय?"

त्यांचे यजमान अण्णा यांची शिरोलीला फौंड्री होती. एका स्पॅनिश गिऱ्हाइकाने त्यांना जुन्या लाल वाइनची बाटली भेट दिली. अंधारात, आडवी ठेवा, असं त्याने बजावलं होतं, म्हणून अण्णांनी ती तांदळाच्या पिंपात निजवली. चांगला दिवस बघून दोघं मिळून पिऊ, असं ते अक्कांना म्हणायचे. फौंड्रीवाल्याला चांगला दिवस कुठला सापडायला! अण्णा गेले, बाटली तशीच राहिली.

वर्षश्राद्धाला अक्कांनी ती बाहेर काढली. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर ठेवतात. कोणाला विडी, कोणाला मटण. पण अक्कांनी स्वतःच बूच उपटायला घेतलेलं पाहून त्यांचे धाकटे दीर ताडकन उठले.

"वैनी, ठेवायची तर ठेवा पानावर. पर बाईमाणसानं त्वांडाला लावायची न्हाय. लोकं काय म्हणतील?"

"लोकांस्नी कुठं वाढतोय? ह्यांस्नी वाढतोय," अक्का म्हणाल्या. "आन् चाखल्याबिगर मी ह्यांस्नी आजवर कायबी वाढलं न्हाय."

बूच अर्ध्यात तुटलं. त्यांनी वाइन चहाच्या गाळणीतून पेल्यात गाळली आणि पेला पांढऱ्या टॉवेलापुढे तिरका धरला. मधे डाळिंबी, कडेला विटकरी. मग वास घेतला. अंगणात सगळी भावकी बसलेली, पण अक्कांना घाई नव्हती. एक घोट त्यांनी तोंडात बराच वेळ घोळवला.

"खारकंचा वास हाय. जुन्या लाकडी पेटीचाबी. जीभ जांभळावानी धरतीया, पर आंबली न्हाय. अजून जोर हाय की हिच्यात, भावजी!"

त्यांनी अण्णांच्या पानावर भरला पेला ठेवला, दुसरा स्वतःला भरला आणि पानाशेजारीच मांडी घालून बसल्या. "दोघं मिळून म्हणालतासा न्हवं?" एवढंच बोलल्या आणि सगळ्यांदेखत पेला संपवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही. दीर न जेवता निघून गेले. अक्कांनी त्यांना थांबवलं नाही.

आता अक्काही नाहीत. घर फार मुकं वाटतं. गेल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं. ताट घेऊन तेच दीर पुढे निघाले होते. मी त्यांना दारातच अडवलं, रश्शात बोट बुडवलं आणि चाखलं.

"उष्टं केलंस की रं!" ते ओरडले.

मी आत गेलो, मीठ आणलं आणि रश्शात घातलं.

"मग काय काका, अक्कांना अळणी वाढू व्हय?"