पुस्तिकेतलं तिसरं नाव

नेरच्या अब्दुल गनी मिस्त्रींची गझाला चौदा वर्षांपासून यवतमाळच्या कोर्टात आरोपींच्या बाजूनं उभी राहते. नागपूरच्या एका मानद मंडळानं तिला सभासदत्व देऊ केलं, तेव्हा अब्बांनी गॅरेजात पेढे वाटले. फौजदारी बचाव करणारे जेमतेम पाच वकील हे मंडळ वर्षाला निवडतं. त्यासाठीच्या अर्जात निर्दोष सुटलेल्या तीन अशिलांची हकीकत नावानिशी द्यायची होती. ती मंडळाच्या पुस्तिकेत छापणार होते.

गझालानं घाईत नावं लिहिली. ‘अशिलाची संमती आहे’ या ओळीपुढं तीनदा खूण केली आणि अर्ज धाडला. आठवड्यानं एकदम तिच्या लक्षात आलं. तिसरं नाव तुळसाबाईचं. जावेच्या खुनाच्या आरोपात दीड वर्ष जेलात काढून सुटलेली बाई. तिला विचारलं कुठं होतं?

फोन लागेना. सकाळच्या एसटीनं तिनं मुकुटबन गाठलं.

तिला दारात पाहताच तुळसाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. “म्याडम! केस पुन्हा उघडली काय?”

“नाही मावशी, तसं काही नाही.” गझालानं सगळं सांगितलं.

तुळसाबाईनं आधी दार लोटलं. “माह्या पोरीच्या, उर्वशीच्या सासरी कोणालेच मालूम नाही. मले सोडलं, हे कोण वाचते? खून तेवढा वाचतेत लोकं.”

गझालानं तिथूनच मंडळाच्या सचिवांना फोन लावला.

“मुदत संपली, मॅडम. आता नाव बदलता येत नाही. अख्खा अर्जच मागे घ्यावा लागेल.”

“घेतला.”

“लेखी पाठवा. पण मजकूर छापखान्यात गेलाय. पानं निघाली असली तर माझा इलाज नाही.”

पुढचे बारा दिवस गझालाला जेवण गोड लागलं नाही. उलटतपासणीत ती दोनदा प्रश्न विसरली. अब्बा रोज विचारायचे, “बेटा, मंडळाचा कार्यक्रम कवा हाय?” ती म्हणायची, “कळवतील.” अब्बांना खरं सांगायचा धीरच होईना.

पुस्तिका बाररूममध्ये आली. गझालानं उभ्याउभ्याच ती चाळली. तिचं नाव नव्हतं. तुळसाबाईचंही नव्हतं. तिनं लगेच फोन केला.

“मावशी, नाही छापलं.”

पलीकडं दार लोटलं गेलं. मग दबका आवाज आला, “पक्कं पाह्यलं ना, म्याडम?”

गझालानं फोन कानाशीच धरला आणि पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.