वयनीचा टांगलेला पाय

हे मी कोणालेच सांगतलं नाई — बायकोलेई नाई. पण परवा नातवानं पेपर वाचून दाखवला अन् मले वयनीचा पाय आठवला. आभाळात राहून आलेल्या माणसाले खाली उतरल्यावर धड उभं राह्यता येत नाई म्हणे. पायावर भार नसला की पाय वाळते, हाडं ठिसूळ होते. अन् मी? मी बरोबर उलटं सांगतलं होतं.

रशियानं कुत्री आभाळात पाठवली, त्या सालची गोष्ट. आमच्या गावात, केनवडात, पारावर पेपर मीच वाचून दाखवायचो. मॅट्रिक झालेला ना. लोकायनं इचारलं, वर गेल्यावर अंगाचं काय होते? पेपरात त्याचं अक्षर नव्हतं. पण 'मले माहीत नाई' म्हणायले जीभ कशी वळन? देल्लं ठोकून — वर वजन नसते, म्हणून हाडाले आराम भेटते, मोडकं हाडई पोलादावानी होते.

त्याच दिवसात माही वयनी, थोरल्या भावाची बायको, कडब्याच्या गाडीवरून पडली होती. पायाचं हाड जुळलं होतं, उठू पाहात होती. मीच म्हणलो, निजून राहा. आढ्याले दोर बांधून तिचा पाय अधांतरी टांगला — आभाळातल्यासारखा. सारं गाव पाह्यले आलं. मी छाती काढून उभा.

"भाऊजी, मले चालू द्या. पाय वाळून राह्यला."

मले दिसत नव्हतं काय? पोटरी तुरीच्या वाळक्या काडीवानी झाली होती. पण दोर सोडला तर पारावर तोंड कसं दाखवाचं — एवढंच डोक्यात. "तुमाले काय समजते?" म्हणून तिच्यावरच खेकसलो. थू त्या शिक्षणावर.

ऐन कापूस वेचणीत तिले खाली उतरवलं, तर बसकन खालीच बसली. मंग बाया म्हणे, कामचुकार आहे, पडून खायची सवय लागली. असं बोलताना जीभ कशी झडली नाई त्यायची? अन् माही — गप बसताना? भाऊ म्हणला, वावरात कामाची नाई, इले माहेरी नेऊन घाल. गाडी मीच जुपली.

शिरपूरले तिच्या मायनं आधी मले पाणी देल्लं. मंग इचारलं, "बापू, माह्या पोरीचा पाय कायनं गेला?"

वयनी गाडीतच बसून होती, आयकून राह्यली होती.

मी म्हणलो, "उठू नका म्हणलं होतं. आयकलं नाई त्यायनं."