समोरच्या डोंगरावरची बहीण

प्रश्न विचारून पोट भरता येतं यावर आमच्या सल्त गावातल्या कुणाचा विश्वास बसला नसता, पण इंतिसार गेली एकोणीस वर्षं तेच करत होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत विद्यापीठाचे फॉर्म, दोन पेनं आणि गुडघ्याला चोळायचं मलम. आमचं गाव सगळं डोंगरावर चढवलेलं. या घरातून त्या घरात जायचं तर साठ-सत्तर पायऱ्या. कुटुंबांवर संशोधन करायचंच असेल तर ते सपाटीवरच्या गावात करावं असं तिचं स्पष्ट मत होतं, पण तिचं मत विचारतो कोण? विचारायचं काम तिचं.

आणि विचारायचं तरी काय! घरात शेवटचा शब्द कुणाचा, नवरा मागच्या आठवड्यात किती वेळा रागावला, सून सासूजवळ मन मोकळं करते का. शेजारणीने असलं काही विचारलं असतं तर तिला उंबऱ्यावरूनच हाकललं असतं. पण गळ्यात ओळखपत्र आणि हातात पेन दिसलं की माणसं काय काय बोलून बसतात, सांगता सोय नाही. नवरे म्हणत, शेवटचा शब्द माझा. बायका म्हणत, शेवटचा शब्द त्यांचाच. आणि मागे भाजी निवडत बसलेली म्हातारी इंतिसारकडे बघून हळूच डोळा मारी. घरोघरी मातीच्याच चुली, हे इंतिसारला केव्हाच कळून चुकलं होतं. गावात तिला सगळे उम्म किनान म्हणत, म्हणजे किनानची आई. आणि किनानची आई या कानाचं त्या कानाला कळू देत नाही अशी तिची ख्याती होती.

यंदा विद्यापीठात नवे डॉक्टर आले. डॉ. रामी. वय बत्तीस, परदेशात शिकलेले, बूट असे चकचकीत की यांनी सल्तच्या पायऱ्या कधी पाहिल्याच नसाव्यात. यंदाचा विषय होता पन्नाशी उलटलेली भावंडं. फॉर्ममध्ये बासष्ट प्रश्न. पहिल्याच दिवशी त्यांनी घरोघर फॉर्म भरायला जाणाऱ्या सगळ्या बायकांना समोर बसवून सांगितलं, “आईबाप अर्ध्या वाटेवर सोडून जातात. नवरा किंवा बायको अर्ध्या वाटेवर भेटते. मुलं त्यानंतर येतात. पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत सोबत असतं ते भावंड. माणसाचं सगळ्यात लांबलचक नातं तेच, आणि अभ्यास सगळ्यात कमी झालाय तोही त्याचाच.”

बाकीच्या बायकांनी हे वहीत उतरवून घेतलं. इंतिसार पिशवीत मलमाची नळी शोधत बसली.

मग डॉक्टरांनी नवा नियम सांगितला. कुणाच्या घरी काहीही खायचं-प्यायचं नाही. पाहुणी होऊन बसलात की लोक पाहुणीला साजतील अशी गोडगोड उत्तरं देतात.

“कॉफीसुद्धा नाही, साहेब?” इंतिसारने विचारलं.

“घोटभरसुद्धा नाही. प्याल त्या घरचा फॉर्म रद्द.”

“साहेब, तुमचं गाव कुठलं?”

“अम्मान.”

“तरीच,” इंतिसार म्हणाली.

कारण आमच्याकडे पाहुण्याने समोर आलेला कप तसाच खाली ठेवला तर त्याचा अर्थ एकच, हा माणूस काहीतरी मागायला आलाय. मुलीला मागणी घालायची असो, भांडणात समेट करायचा असो, यजमान जोवर “प्या, दिलं” म्हणत नाही तोवर कप ओठाला लागत नाही. आणि एकदा “दिलं” म्हटलं की मग मागे फिरायची सोय नाही. आता हे त्या चकचकीत बुटांना कोण सांगणार?

व्हायचं तेच झालं. पहिलंच घर अबू फवाजचं. म्हातारबुवा सत्तरीचे, घरात एकोणतीस वर्षांची लेक हला लग्नाची. इंतिसारने कप बाजूला ठेवला आणि फॉर्म उघडला. अबू फवाजच्या बायकोने कपाकडे पाहिलं, इंतिसारकडे पाहिलं, आणि आत जाऊन हलाला ठेवणीतला ड्रेस घालायला लावला. दहा मिनिटांत दोन काका आले. पाठोपाठ एक आत्या आली, ती येतानाच डोळे पुसत होती. इंतिसार आपली विचारतेय, “तुम्हाला भावंडं किती?” आणि अबू फवाज छाती पुढे काढून बसलेले.

“पुरे झालं, किनानच्या आई,” ते शेवटी म्हणाले. “तुमचं घराणं आम्हाला माहीत आहे. मुलगाही हिऱ्यासारखा. प्या. दिली.”

“काय दिली?”

“मुलगी दिली!”

“अहो, किनानला दोन पोरं आहेत!”

आत्याचे डोळे चटकन कोरडे झाले. इंतिसारने शपथेवर सांगितलं की मला काही मागायचं नाही, तुम्ही तुमच्या भावाला महिन्यातून किती वेळा भेटता एवढंच विचारायचंय. पण अबू फवाज अडून बसले. शब्द तोंडातून गेलाय, आता रिकाम्या हाताने गेलात तर गावात तोंड कसं दाखवू? काहीतरी मागाच!

“बरं,” इंतिसार म्हणाली, “मग बासष्टच्या बासष्ट प्रश्नांची खरी उत्तरं द्या.”

म्हातारा बसला तो दोन तास. थोरल्या भावाबद्दल असं काही बोलला की हला त्या ठेवणीतल्या ड्रेसच्या बाहीला नाक पुसू लागली. पुढे प्रत्येक घरी असंच झालं. डॉ. रामी फॉर्म वाचून हरखून गेले. “पाहिलंत, माझ्या नियमाचा परिणाम!” ते म्हणाले. इंतिसारने मान डोलावली. कशाला बोला!

आता या बाईचं स्वतःचं काय? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! तिचे दोन भाऊ कुवेतला, आणि सख्खी थोरली बहीण समीहा दरीपलीकडे, समोरच्या डोंगरावर. इंतिसारच्या गच्चीवरून समीहाची दोरी दिसायची, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी मोजता यायच्या. आणि दोघी अकरा वर्षं एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

आई शेवटची चार वर्षं समीहाकडे होती. इंतिसार दर शुक्रवारी जाऊन बसायची. एका मंगळवारी सकाळी ती अंगणात मसूर निवडत होती, तेवढ्यात पलीकडच्या मशिदीच्या लाउडस्पीकरवर मयताची सूचना झाली. नाव आईचं होतं. सख्खी बहीण समोरच्या डोंगरावर, घरात फोन, आणि आई गेल्याचं गावाबरोबर इंतिसारला कळलं! मसूर अंगणभर सांडला. तीन दिवस ती सुतकात बायकांमध्ये बसली, समीहाकडे तिने वर मान करून पाहिलं नाही, आणि चौथ्या दिवसापासून तो डोंगर तिने तोडला तो तोडलाच.

तिला जन्मभर पुरेल असा एकच प्रश्न समीहाला विचारायचा होता. शेवटी आईने माझं नाव काढलं का? हजारो लोकांना नको ते विचारणाऱ्या बाईला हे एवढं विचारायचा धीर झाला नाही. कारण उत्तर “नाही” आलं तर? रागावून राहणं त्यापेक्षा सोपं होतं.

आणि एका सोमवारी ऑफिसने चिठ्ठ्या काढून केलेली नवी यादी तिच्या हातात आली. एक्केचाळिसावं नाव समीहाचं. रक्ताच्या नात्यातलं घर आलं तर ऑफिसला कळवून ते दुसरीला द्यायचं, हा नियम नव्या मुलींना इंतिसारच शिकवायची. तिने ठरवलं, उद्या कळवू. उद्या म्हणाली, परवा कळवू. गुरुवारी सकाळी दहा वाजता ती समीहाच्या पायऱ्या चढत होती आणि स्वतःलाच शिव्या घालत होती.

दार समीहाने उघडलं. केस सगळे पांढरे झालेले, भुवया मात्र तशाच, समोरच्याला कापायला निघालेल्या.

“संशोधनवाल्या बाई आल्या वाटतं,” ती म्हणाली. “या. मला वाटलं होतं, कुणी शिकलेली पाठवतील.”

“यादीत नाव आलंय. हौसेने नाही आले.”

“मीही हौसेने नाही बोलावत. बस.”

कॉफी आली. वेलचीचा वास तोच, आईच्या हातचा. इंतिसारने कप बाजूला सरकवला आणि फॉर्म काढला. समीहा समोर बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली.

“भावंडं किती?”

“दोन भाऊ कुवेतला. एक बहीण आहे.”

“बहीण कुठे राहते?”

“समोरच्या डोंगरावर. हाका मारल्या तर ऐकू जाईल इतक्या जवळ. पण कानाने अधू आहे बिचारी.”

“शेवटची भेट कधी?”

“आत्ता.”

“आजच्या आधी!”

“अकरा वर्षं. लिही ना, हात का थांबला?”

इंतिसारने लिहिलं. “बहिणीच्या आयुष्यात काय चाललंय याची माहिती असते का? अजिबात नाही, थोडी, बरीच.”

“सगळी. गुरुवारी केस रंगवते आणि तो काळा टॉवेल सगळ्या गावाला दिसेल असा वाळत घालते. मागच्या थंडीत पाय धरला होता तिचा, तेरा दिवस गच्चीवर आली नाही. तेव्हापासून धाकटी सून तिला जड चादरी वाळत घालू देत नाही. चांगली आहे सून.”

इंतिसारला हसू आलं, ते तिने खोकल्यावर नेलं. तेरा दिवस, तिने स्वतःही मोजले नव्हते.

“बहिणीची आठवण किती वेळा येते? रोज, आठवड्यातून, महिन्यातून, कधीच नाही?”

“हा काय अचरट प्रश्न आहे? पुढचा विचार.”

“सोडता येत नाही.”

“मग रोज लिही. पण रागाने, असं लिही.”

“रागाचा रकाना नाहीये.”

“मग काय उपयोग त्या फॉर्मचा?” समीहा कडाडली. मग तिची नजर कपावर गेली. साय धरत चाललेल्या दुधाकडे बघावं तशी ती बघत राहिली. “कॉफी गार झाली तुझी.”

“नियम आहे ऑफिसचा. प्यायची नाही.”

“ऑफिसचा नियम त्या अम्मानवाल्या पोराला सांग. अकरा वर्षांनी माझ्या घरात येतेस, माझ्या हातची कॉफी तशीच ठेवतेस, आणि मला शिकवतेस? काहीतरी मागायला आलीयस तू. माग.”

“काही नाही मागायचं.”

“इंतिसार, खोटं बोलताना तुझा कान लाल होतो. लहानपणापासून होतो.” समीहाचा आवाज खाली आला. “पी. जे काय असेल ते दिलं.”

इंतिसारने पेनाचं टोपण लावलं. “शेवटी आईने माझं नाव काढलं का गं?”

समीहा हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं.

“नाव? दोन दिवस तुझ्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतं घरात. इंतिसार, पाणी दे. इंतिसार, कुशीवर वळव. आणि पाणी देत होते मी, वळवत होते मी! चार वर्षं मी तिचं सगळं केलं, आणि शेवटी ती मला ओळखेना. मला इंतिसार समजत होती आणि विचारत होती, समीहा कुठाय? समीहा का नाही आली?”

“मग मला फोन का नाही केलास?” इंतिसारने विचारलं.

“फोन उचलला होता मी. दोनदा उचलला. पण तू आली असतीस, तिने तुझ्यासमोर मला तुझ्या नावाने हाक मारली असती, आणि ते तू बघितलं असतंस. नाही झालं माझ्याच्याने. म्हटलं, ओळखेल मला, मग बोलवू. तशीच गेली. तुझ्या लेखी तू तिथे नव्हतीस. तिच्या लेखी तूच होतीस तिथे. नव्हते ती मी.”

“मग... समीहा का नाही आली म्हणाल्यावर तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? इंतिसार होऊनच सांगितलं. म्हटलं, येतेय ती, पायऱ्या चढतेय. तर म्हणते,” समीहाने पदरासारखं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं, “म्हणते, ती आली की तिला सांग, आता बस म्हणावं. खूप केलंस.”

दरीपलीकडे कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा आवाज येत राहिला. इंतिसारने कप उचलला आणि ती गार, कडू कॉफी एका दमात तळाच्या गाळासकट पिऊन टाकली. एकोणीस वर्षांत तिचा एकही फॉर्म रद्द झाला नव्हता, तो आज झाला. मग ती उठली, गुडघा कुरकुरला तरी उठली, आणि बहिणीसमोर जाऊन उभी राहिली.

“समीहा, आईने निरोप दिलाय. आता बस म्हणाली. खूप केलंस.”

समीहा होती तिथेच, उंबऱ्यावर मटकन बसली. ओढणीत तोंड घालून खूप वेळ रडली. मग नाक पुसून वर बघत ओरडली, “एवढासा निरोप पोचवायला अकरा वर्षं लावलीस, गधडे!”