नववीने लिहिलेले नियम

गुजरातेत, अकोट्यातल्या आमच्या शाळेत लॅपटॉप आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिला नियम स्वतःच केला: लॅपटॉप शाळेबाहेर जाणार नाही. आठवड्यातून एक तास मुलांना मिळायचे, एरवी कपाटात. मी विज्ञान शिकवायचे, म्हणून कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात पडली.

नववीतल्या एका मुलीने विश्वामित्री नदीच्या पाण्यावर प्रकल्प घेतला होता. वडील मकरपुऱ्याला कारखान्यात. घरातला एकुलता एक फोन त्यांच्याबरोबर पाळीवर जायचा. इतरांशी ती गुजरातीत बोलायची, माझ्याशी मात्र मराठीत. एकदा रडवेली होऊन म्हणाली, "बेन, जरा लिहायला लागते तोच घंटा वाजते."

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले आणि लॅपटॉप मुलांना घरी नेऊ द्या म्हटलं.

"घरी नेऊन फोडला तर जबाबदारी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"नियम मुलांनाच लिहू द्या. पटले नाहीत तर फाडून टाका."

ते हसले. "लिहू द्या. बघू."

दोन आठवडे नववीचा वर्ग नुसता भांडत होता. पण मुलं आमच्यापेक्षा कडक निघाली! ताटाजवळ लॅपटॉप नको. धाकट्या भावंडांच्या हाती नको. स्कूटरवर नेताना पाठीला नाही, पोटाशी धरायचा. आणि ज्याच्या घरी संगणक नाही, त्याचा नंबर आधी. यावर एक मुलगा उसळला, "आम्ही काय गुन्हा केला?" ती मुलगी शांतपणे म्हणाली, "गुन्हा नाही. तुझ्याकडे आहे, एवढंच."

पालकसभेत तिनेच नियम वाचून दाखवले. मागून एका गृहस्थांनी विचारलं, "अने नियम तोड्या तो?"

"तर महिनाभर लॅपटॉप नाही," ती गुजरातीत ठणकावून म्हणाली, "आणि का मोडला, ते वर्गासमोर उभं राहून सांगायचं."

सभेत हशा पिकला, मग टाळ्या. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे सही केली.

वर्ष संपलं त्या दिवशी मी एकेक लॅपटॉप मोजून घेतला. सगळे परत आले. एकाचं फक्त एक बटण निघालं होतं, तेही ज्याच्याकडून निघालं त्याने आधीच येऊन सांगितलेलं. मी वर्गात जाऊन एवढंच म्हटलं, "सगळे आले." बाकांवर अशा थापा पडल्या, की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. मी मुलांना थांबवलं नाही. मीही टेबलावर थाप मारत होते.