बारा पाळणे आणि माझं भाषण

मला भीती वाटली की हसू येतं. कुणाला रडू येतं, कुणाला घाम फुटतो. माझं मात्र पोटातून हसू उसळतं आणि काही केल्या थांबत नाही. शाळेत यापायी मी कितीदा वर्गाबाहेर उभी राहिले असेन. अशा मुलीला भाषण करायला लावायचं हे आमच्या डॉक्टरीणबाईंनाच सुचू शकलं.

नर्सिंगचं शिक्षण संपवून मी नुकतीच सोलापुरातल्या एका मिलच्या पाळणाघरात लागले होते. वय वीस. मिलमध्ये कामाला येणाऱ्या बायकांची तान्ही मुलं दिवसभर सांभाळायची, म्हणून मालकांनी आवारातच एक लांबट खोली बांधली होती. चुन्यानं पांढरीशुभ्र केलेल्या भिंती, दूध तापवायला शेगडी, ओळीनं बारा लोखंडी पाळणे. मुलं तीन, आणि त्यांतली दोन आमच्याच आयाबाईची जुळी.

बाकीच्या बायका मुलांना घरी ठेवून येत. सकाळी अफूची बारीकशी गोळी चाटवली की मूल संध्याकाळपर्यंत निपचित पडून राही. काही मुलं त्यातून नीट उठतच नसत. डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा तपासायला येत. रिकाम्या पाळण्यांकडे बघून त्या एक दिवस मला म्हणाल्या, "अगं, इथं बसून पाळणे भरायचे नाहीत. बायकांपुढं उभी राहा आणि बोल."

"मला येत नाही," मी म्हटलं.

"मग बोलता यायला लागलं की कळव," असं म्हणून त्या टांग्यात बसल्या.

माझे थोरले भाऊ शाळामास्तर होते. त्यांनी रात्रीतून मला चार पानी भाषण लिहून दिलं. अक्षर मोत्यासारखं आणि वाक्यं अशी लांब की एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सूत गुंडाळण्याच्या खात्यातल्या बायका लिंबाखाली भाकरीचे डबे उघडून बसल्या होत्या. मी दगडावर चढले आणि कागद डोळ्यांसमोर धरला. "भगिनींनो, अपत्यसंगोपन हे राष्ट्रोन्नतीचे आद्य सोपान होय."

विणकर घराण्यांतल्या बऱ्याच बायकांची घरची बोली तेलुगू. एकीनं शेजारणीला विचारलं, "एमंटुन्नदी?" म्हणजे, काय म्हणतेय ही. शेजारणीनं खांदे उडवले. मी आपली वाचतच होते. अफूला भावानं 'अहिफेन' लिहिलं होतं. तो शब्द मी तिसऱ्यांदा उच्चारला तेव्हा पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं घास थांबवून अगदी मनापासून विचारलं, "बाई, ते औषध तुमी इकताय व्हय? कशावर लावायचं असतंय?"

झालं. मला हसू फुटलं. मी कागदाआड तोंड लपवलं तर कागदच थरथरायला लागला. मग सगळ्याजणी हसल्या, मी आणखी हसले, आणि तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. बायका डबे आवरून, पदरानं डोळे पुसत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पाळणाघरात मुलं तीनच.

त्या आठवड्यात आई मला घेऊन नव्या पेठेत बांगड्या भरायला गेली. आमची मणेरीण साठीतली होती, सगळं गिऱ्हाईक तिला चाची म्हणे. माझ्या आधी एका नव्या नवरीचा हात तिच्या हातात होता. हात कडक, बांगडी लहान, आणि मुलगी भेदरलेली. चाची तिला विचारत होती, सासर कुठलं, विहीर लांब आहे का, पाणी कोण भरतं. मुलगी एकेक उत्तर देत होती. पाण्याचं सांगताना तिचा हात सैल पडला आणि त्याच क्षणी बांगडी सरकन मनगटावर गेली. मुलीला कळलंसुद्धा नाही.

मी बघतच राहिले. माझी पाळी आली तेव्हा मी चाचीला लिंबाखालची सगळी हकीकत सांगितली. ती पोट धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बेटी, तू बोललीच न्हाईस. तू कागद वाचलास. अगोदर हात देखना, मूं देखना, बाद में बोलना. बाई घट्ट हाय तंवर जोर केला की काच फुटतीय."

"मला शिकवाल?" मी विचारलं.

"बस हितं. बघ."

पुढचे कितीतरी रविवार मी तिच्या दुकानात बसले. आईनं कपाळाला हात लावला, पण नको म्हणाली नाही. कोणाला आधी विचारायचं, कोणाला नुसतं बोलू द्यायचं, कधी आपण गप्प बसायचं, हे चाची मला डोळ्यांनी दाखवी. एकदा तिनं मलाच एका बाईचा हात धरायला दिला. मी प्रश्न विचारले खरे, पण उत्तर ऐकायच्या आधीच बांगडी ढकलली. ती फुटली आणि अर्थातच मला हसू आलं. चाची म्हणाली, "हसलीस ते चांगलं. पन तिला घेऊन हस. एकटी हसू नको."

हे वाक्य मी घरी जाताना वाटभर घोळवत राहिले.

पुढच्या वेळी मी लिंबाखाली गेले ती रिकाम्या हातानं. दगडावरही चढले नाही. बायकांत मांडी घालून बसले आणि म्हटलं, "मागं मी काय बोलले ते मलाही कळलं नव्हतं." त्या हसल्या, मीही हसले. मग शेजारच्या एका तरण्या बाईला विचारलं, "तुमचं मूल आता कुठं आहे?"

"घरी. झोपलंय."

"कशानं झोपलं?"

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. मला बोलायची इतकी घाई झाली होती की मी जीभ दातांत धरली. शेवटी तीच म्हणाली, "गोळीनं. मग काय करू? पान्हा दाटतोय, पन खात्यातनं सोडत न्हाईत. तुमच्या पाळन्यात ठेवलं तर भुकेनं रडून मरंल की."

मग एकेक बोलू लागल्या. सगळी मुलं सारखी दिसतात, बदलली तर काय करायचं. कुणाची नजर लागली तर. आम्ही बारा पाळणे मांडून बसलो होतो आणि यातलं एकही कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

तिथून मी तशीच मॅनेजरसाहेबांच्या कचेरीत गेले. तिथवर माझ्यासारखं कुणी आलं नसावं, कारण पट्टेवाल्यानं मला तीनदा विचारलं की नक्की आतच जायचं आहे ना. साहेबांनी कागदावरून मान वर केली आणि मला हसू फुटलं.

"काय झालं हसायला?" ते म्हणाले.

"काही नाही, साहेब. मला भीती वाटली की हसू येतं."

ते क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांच्या मिश्या हलल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबले. ते खुर्चीत मागे टेकले, तेव्हाच मी बोलले. "साहेब, पाळणे रिकामे आहेत कारण आयांना पाजायला सोडत नाहीत. दिवसातून दोनदा सोडलंत तर पाळणे भरतील."

"काम अडेल."

"मूल आजारी पडलं की बाई आठ-आठ दिवस येत नाही. तेव्हाही अडतंच."

त्यांनी टेबलावर पेन्सिल वाजवली. म्हणाले, महिनाभर करून बघू. मी जिन्यावरून उतरले ती दोन-दोन पायऱ्या गाळत.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली ती तरणी बाई माझं बोलणं तेलुगूत सांगायला उभी राहिली. मी म्हणे, "दोनदा पाजायला सोडणार आहेत." ती त्याची दहा वाक्यं करी. हातवारे, मधेच साहेबांच्या मिश्यांची नक्कल, बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत.

"मी एवढं बोलले?" मी तिला विचारलं.

"तुमी थोडंच बोलला, बाई. बाकीचं माझ्या पदरचं हाय."

मुलं ओळखायची कशी, ते बायकांनीच सुचवलं. खात्यात रंगीत सूत होतंच. प्रत्येकीनं आपला रंग ठरवायचा आणि मुलाच्या मनगटात बांधायचा. दोघी लालच हवा म्हणून भांडल्या, तेव्हा एकीच्या सुताला दोन गाठी मारायचं ठरलं.

सोमवारी सकाळी मी खोली उघडली तर दारात रांग. अकरा वाजेपर्यंत एकोणीस मुलं झाली. पाळण्यात दोन-दोन, चटईवर उरलेली, सगळी एका सुरात रडणारी. आयाबाईला स्वतःची जुळी सापडेनात. मी एक खांद्यावर, एक कडेवर घेऊन नाचत होते आणि हसत होते. त्या दिवशी भीतीचं नव्हे, दुसरंच हसू होतं. साडेअकराला त्या तरण्या बाईला पाजायला सोडलं. ती धापा टाकत आली, पोराला छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

सगळ्याच काही आल्या नाहीत. एक-दोघींनी गोळी सोडली नाही, त्यांच्या घरी मी पुष्कळ खेटे घातले. डॉक्टरीणबाई त्या आठवड्यात आल्या, दारातच थांबल्या, आणि मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या मिलमध्ये बोलशील?"

मी हो म्हटलं. संध्याकाळी घरी चालत जाताना माझी जीभ थांबेना. फुलवाल्या बाईला सांगितलं, टांगेवाल्याला सांगितलं, एकोणीस मुलं, एकोणीस. टांगेवाल्यानं घोडा हळू केला आणि विचारलं, "बसताय का, बाई? बसून सांगा." मी बसले, आणि घर येऊन मागे पडलं तरी सांगतच राहिले.