‘घ्यावंच लागेल’ हे मी मायला सांगितलं नाही

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय—का, ते विचारू नका.

मी लोणखेड्याला शाळेत मराठी शिकवते. माहेर सारंगखेड्याचं. मायला अहिराणीशिवाय बोलता येत नाही, दवाखान्यातलं भराभर मराठी तिच्या डोक्यावरून जायचं. तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा भाऊ केळीच्या कापणीत अडकलेला. म्हणाला, “ताई, तू शिकेल शे, डाकटरसंगे तूच बोल.” आणि मला बाई, त्याचं काय मिरवणं! फाइल काखेत मारून मी पुढे, माय मागे.

नाशिकला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला नीट समजावलं—फक्त गाठ काढलीय, स्तन राखलाय, म्हणून रेडिएशन घ्यावंच लागेल. पाच आठवडे, जवळजवळ रोज. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. माय शेजारीच बसलेली, माझ्या तोंडाकडे बघत.

पाच आठवडे नाशिकला कोण राहणार? मीच. आणि त्याच श्रावणात कानबाई, आम्हा खानदेशींची देवी, आमच्या घरी बसायची होती—सासरचे सगळे भाऊबंद येणार, नैवेद्याच्या रोटांचं दळण, पूजेला मी आणि नवरा. लग्नाला अठरा वर्षं झालेली, आणि हा मान पहिल्यांदा माझ्या दारात. मी नसते तर तो जावेकडे गेला असता. मायचं दुखणं दिसत नव्हतं का मला? दिसत होतं हो. तरीही.

बाहेर बाकावर मायनं विचारलं, “काय म्हने डाकटर?”

मी म्हटलं—म्हटलं की, सगळं निघालं. शेक घ्यायचा तर घे, नाही घेतला तरी चालेल, तुझी मर्जी. वर माझीच भर घातली, कातडी फार जळते म्हणे.

“मंग नको वं माय,” ती म्हणाली. सुटल्यासारखी हसलीसुद्धा. भावालाही मी तेच सांगितलं.

कानबाई थाटात झाली. माय दर्शनाला आली, एका हातानं फुगडी खेळली—दुसरा वर होत नव्हता. लाज वाटली का मला? त्या दिवशी नाही वाटली. मी रोटांचं कौतुक ऐकण्यात दंग होते.

दोन वर्षांनी गाठ त्याच जागी परत आली, हाडांत उतरली. नव्या डॉक्टरांनी कागद चाळून विचारलं, रेडिएशन का नाही घेतलं? एवढं मराठी मायला कळलं.

“मन्ही पोरनी तं बठ्ठं सांगं व्हतं. मालेच नको व्हतं.”

डॉक्टर परमुलखातले, त्यांना अहिराणी कळेना. काय म्हणतात या, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊ दाराशी उभा होता. खरं बोलायला याहून वेगळी वेळ कुठली हवी होती? मी मायचं वाक्य मराठीत सांगितलं—माझ्या पोरीनं तर सगळं सांगितलं होतं, मलाच नको होतं—या वेळी शब्दन् शब्द बरोबर.

ती खरंच तसं मानत होती, की मला वाचवत होती—मी विचारलं नाही. पौषात ती गेली. भाऊ अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, ताईनं मायचं खूप केलं. मी ऐकून घेते.